वजाचा खटका

१

घरात बसलेला माणूस आधी भाजीला नावं ठेवतो, मग भांड्यांना, आणि तिथून बायकोपर्यंत यायला त्याला फार वेळ लागत नाही, असं पुष्पाबाईचं मत होतं. त्यामुळे नवरा रिटायर झाल्यावर पुढच्या खोलीतल्या टेबलावरून सोल्डरिंगचा धूर निघायला लागला, तेव्हा तिने देवाला हात जोडले. बद्रीनाथने अंकुशनगरच्या साखर कारखान्यात सगळी नोकरी काटे सांभाळण्यात घालवली होती. बॉयलरच्या दाबाचा काटा, रसाच्या तापमानाचा काटा. काटा जागचा हलला की याचा जीव हलायचा. घरही त्याने कारखान्याच्या कुंपणालगतच बांधलं होतं. हंगामात राख अजून त्यांच्याच वाळवणावर पडायची आणि पाळीचा भोंगा त्यांच्याच कानात वाजायचा. फक्त भोंगा झाल्यावर कुठे जायचं नव्हतं, आणि हे त्याच्या पायांना अजून पटलेलं नव्हतं.

कडूबामुळे सोय झाली. कडूबा हा पुष्पाबाईच्या माहेरचा, केदारखेड्याचा, जुना मांडव-लाऊडस्पीकरवाला. डीजेच्या जमान्यात त्याचं सामान कोणी विचारीना, म्हणून त्याने गोदाम रिकामं केलं आणि एक रेकॉर्ड प्लेअर, जुन्या कार्ट्रिजांनी, म्हणजे सुई बसवायच्या डोक्यांनी, भरलेला बिस्किटाचा डबा आणि सनईची एक तबकडी बद्रीनाथच्या गळ्यात घातली. तबकडीवरचा कागद झिजून पांढरा पडला होता. कडूबा म्हणाला की ही सनई वाजल्याशिवाय आपल्या सर्कलात कुणाच्या अक्षता पडल्या नाहीत, तुमच्याही लग्नात हीच होती.

आता तबकडीवरच्या सुईतून निघणारी वीज इतकी नाजूक की ती थेट स्पीकरला दिली तर काहीच ऐकू येत नाही. मधे प्रीअँप लागतो, आवाज वाढवणारा आणि नीट करणारा. बाजारात तयार मिळतो, पण डब्यातल्या कार्ट्रिजा घरातल्या सुनांसारख्या होत्या, प्रत्येकीची तऱ्हा निराळी. एकीला विजेचा भार जास्त लागायचा, दुसरी जरा भार वाढवला की चिरकायची. म्हणून बद्रीनाथने सगळ्यांना चालेल असा प्रीअँप स्वतःच बनवायला घेतला. एक बटण आवाजाचं, एक भाराचं, एक कपॅसिटरचं. लाईनची घरघर आत येऊ नये म्हणून त्याला बॅटरीवर ठेवला, आणि बॅटरी उतरली की मंद होईल असा एक लाल दिवा लावला.

सगळ्यात शेवटी एक तीन घरांचा खटका बसवला आणि त्यावर मार्करने लिहिलं: दोन्ही, मिळून, वजा. हा वजा म्हणजे त्याची खास हौस. जुन्या तबकडीच्या खाचेच्या दोन्ही भिंतींवर तीच सनई असते. एकीतून दुसरी वजा केली की सनई नाहीशी होते आणि मागे उरते ती फक्त धूळ नि ओरखडे. जितकी शांतता जास्त, तितकी सुई सरळ बसलेली. काटे सांभाळलेल्या माणसाला असली परीक्षा आवडतेच.

सकाळची कामं आवरत होती तेव्हा त्याने हेडफोन लावला आणि खटका वजावर टाकला. सनई विझली. थोडी खरखर राहिली. आणि त्या खरखरीत कुकरची शिट्टी वाजली.

त्याने हेडफोन काढला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी वाजत होती.

बद्रीनाथ खूश झाला. टेबल हललं की सुई हलते, सुई हलली की वीज निघते, म्हणजे सुईला घर ऐकू येत होतं. त्याने टेबलावर टिचकी मारली, टिचकी आली. पंख्याची टकटक आली. शेजारच्या गिरिजाबाईंचा मिक्सर आला, त्यांचं मिक्सरवरून ओरडणं आलं. भोंगा तर असा आला की त्याने दचकून कान धरले. त्या दिवशी तो जेवताना स्वतःच्या कारागिरीवर एवढं बोलला की पुष्पाबाईला वरण वाढायलाही मधे जागा मिळेना.

२

खटकलं ते दोन-तीन दिवसांनी.

पुष्पाबाई टेबलाजवळच्या दिवाणावर बसून तृप्तीशी फोनवर बोलत होती. तृप्ती म्हणजे त्यांची मुलगी, पुण्यात दिलेली. पुष्पाबाईला फोनवर हळू बोलता येत नाही. पुण्यापर्यंत आवाज आपल्यालाच पोचवायचा आहे असं तिला वाटतं. बद्रीनाथ हेडफोन लावून वजावर ऐकत होता. पंखा येत होता, बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला तो येत होता. गिरिजाबाईंची बादली येत होती. पुष्पाबाई येत नव्हती.

त्याने मान वळवून पाहिलं. ती हातवारे करत होती, बांगड्या खालीवर होत होत्या, ओठ चालले होते. हेडफोन एका कानावरून सरकवला तर त्या कानात तिचा दणदणीत आवाज. दुसऱ्या कानात सगळं घर, आणि तिच्या जागी काहीच नाही.

असेल काहीतरी. बायकांचा आवाज बारीक, सुई जड. पण मग गिरिजाबाई कशा येतात? त्याने भार बदलला, कपॅसिटर बदलला, डब्यातली दुसरी कार्ट्रिज लावली. पंखा जाड झाला, पातळ झाला. पुष्पाबाई आली नाही. तिला त्याने पाणी मागितलं. ती आतून आली, तांब्या टेबलावर ठेवला, गेली. तांब्या टेकल्याचा आवाज आला. तो घेऊन येणारी पावलं आली नाहीत.

बद्रीनाथला भीती वाटली.  ज्या सुईला मुंगी चाललेली कळावी, तिला आपली बायको कळत नाही, याचा अर्थ काय लावायचा? काटा शून्यावर असला की त्याने जन्मभर एकच विचारलं होतं, काटा बिघडला की आतलं संपलं? काटा बिघडलेला नव्हता.

तिला काही न सांगता तो तिला जालन्याला दवाखान्यात घेऊन गेला. रक्त तपासलं, छातीच्या ठोक्यांचा कागद काढला. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे, पाणी जास्त प्या. काही होत नसताना नवऱ्याने दवाखान्यात नेलं, ही गोष्ट पुष्पाबाईने गिरिजाबाईंना दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा लाजली. बद्रीनाथ ते भिंतीआडून ऐकत होता, हेडफोनमधून. त्याला गिरिजाबाईंचं हसणं ऐकू आलं, मधे एक लांब रिकामी जागा, मग पुन्हा गिरिजाबाईंचं हसणं.

त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. बसला की उठायचा, उठला की टेबलाशी जायचा. एकच गोष्ट डोक्यात, तिला आत आणायची. सुईत तिचा आवाज आला की झालं, मग सगळं ठीक आहे.

३

त्याने भाराचं बटण काढून तिथे दुसरं बसवलं, जास्त लांब फिरणारं. कार्ट्रिजला चालतो त्याच्या कितीतरी खालीपर्यंत भार नेता येईल असं. पुस्तकात असं करू नका म्हणून लिहिलेलं असतं, पण पुस्तकाची बायको हरवलेली नसते.

मग एका दुपारी त्याने तिला टेबलासमोर खुर्ची टाकून बसवलं. तबकडी फिरत होती, खटका वजावर होता.

"बोल काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीबी बोल. मी बटण फिरवून राह्यलो, तू थांबू नको."

आता असं कोणी म्हटलं की बोलक्या माणसाचीही दातखीळ बसते. पुष्पाबाई पदराशी चाळा करत त्या फिरणाऱ्या तबकडीकडे बघत बसली. सनई ऐकू येत नव्हती, पण तबकडी तीच, मांडवातली. तिला हसू आलं. मांडवात एकदा घेतलेलं नाव तेवढं तिला आठवलं.

इथे सांगायला हवं की तिने त्यानंतर नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने सांगितलेलं. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तर ती शेजारच्या बाईला कोपराने ढोसायची, तू सांग म्हणून. बद्रीनाथनेही तिचं नाव कधी घेतलं नाही. लग्नात बायका हटून बसल्या तेव्हा त्याने खोकल्याचं निमित्त करून वेळ मारून नेली होती. अगं, नाहीतर तृप्तीची आई, एवढ्यावर संसार झाला.

पुष्पाबाई सुईकडे वाकली आणि म्हणाली,

"जांबच्या रामापुढं तेवते समईची वात, बद्रीनाथरावांचं नाव घेते, हातात देऊन हात."

त्याची बोटं भाराचं बटण खाली नेत होती. आधी हेडफोनमध्ये पंखा बुडाला. मग ट्रॅक्टर, मग भिंतीपलीकडचं सगळं. अगदी तळाला बटण टेकलं आणि त्याच्या नावावर येऊन ती आत आली. इतकी जवळून की बांगडीला बांगडी लागलेली वेगळी कळली. तिचा श्वास आला. हात हा शब्द संपून ओठ मिटले तेही आलं.

बद्रीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आली. आलीस बघ तू."

पुष्पाबाई खुर्चीवर ताठ बसून त्याच्याकडे बघत होती. बाजारात ओळखीचा चेहरा दिसावा पण नाव आठवू नये, तसं. मग ती उठली आणि आत गेली. जाताना तिच्या बांगड्या वाजल्या नाहीत, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

४

"बद्रीनाथ, चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात कप घेऊन उभी होती. त्याला वाटलं आपण अर्धवट झोपेत आहोत. काय म्हणालीस, असं त्याने विचारलं. तिने तेच, त्याच सुरात पुन्हा म्हटलं. चहा बरोबर झाला होता. साखरही त्याला लागते तेवढीच. त्याने बशीत ओतून चहा प्यायला आणि स्वतःला समजावलं की काल एकदा नाव घेतलं, भीड चेपली. शहरातल्या बायका घेतातच की. तृप्तीही नवऱ्याला नावाने हाक मारते, जावई चांगला धडधाकट आहे.

पण मन मानेना. ती दिवसभर काम करत होती, नेहमीसारखंच, नेहमीच्याच क्रमाने. फक्त बोलायची कमी. देवापुढे दिवा लावताना पुटपुटायची ती पुटपुटली नाही. भांडी घासताना पाठमोरी बसली की तिची पाठ हलायची, हात हलायचे, आणि ते घासणं सारखं, एका लयीत, न थांबता चालायचं.

संध्याकाळी तृप्तीचा फोन आला. बद्रीनाथने स्पीकर लावला. आतून हाक आली, "बद्रीनाथ, कोणाचा फोन आहे?" आणि पलीकडे तृप्ती खळखळून हसली. म्हणाली, बाबा, आई तर लईच मॉडर्न झाली की. म्हणजे ते ऐकू येणारा तो एकटाच नव्हता. फोन ठेवून तो टेबलाशी गेला.

मग त्याने हेडफोन लावला, तबकडी सोडली, खटका वजावर टाकला. भाराचं बटण होतं तिथेच, तळाला.

पंखा नव्हता. गिरिजाबाई नव्हत्या. घरच नव्हतं. खरखरीच्या मागे कोणीतरी बांगड्या सावरत होतं, जसं अंधारात भिंत चाचपताना सावरतात.

"अहो," पुष्पाबाई म्हणाली. "अहो, ऐकलं का? लाईट गेली का हो? मला काईच दिसून न्हाई राह्यलं."

स्वयंपाकघराच्या दारातून तिची पाठ दिसत होती. ती भाकरी थापत होती.

त्याने भाराचं बटण झपकन वर नेलं. घर परत आलं, पंखा, नळ, तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज. ती आवाजातून नाहीशी झाली. बटण खाली नेलं की "अहो". वर नेलं की नाही. बटण उलटं फिरवलं तर माणूस परत जागेवर येईल हा त्याचा हिशोब होता, आणि काट्यांच्या बाबतीत तो कधी चुकला नव्हता. त्याने रात्रीचं जेवण घशाखाली ढकललं. समोर बसलेल्या बाईने त्याला आग्रह करून अजून अर्धी भाकरी वाढली.

५

हंगाम संपला. धुराडं थंड झालं, भोंगा बंद झाला. ट्रॅक्टर गेले, तोडणीवाल्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उठल्या. अंकुशनगरात एवढी शांतता पसरली की पंख्याची टकटक शेजारी ऐकू जावी. आणि दुपारची लाईट जायला लागली.

बद्रीनाथने शेवटचा विचार असा केला: जशी गेली तशी आणायची. तीच खुर्ची, तेच शब्द, फक्त बटण उलट्या दिशेने. त्याने तिला बोलावलं. ती निमूट येऊन खुर्चीवर बसली.

"तो उखाणा म्हण," तो म्हणाला. "त्या दिवशीचा."

"कसला उखाणा, बद्रीनाथ?"

"लग्नातला. जांबच्या रामाचा."

 तिने ओठ हलवून पाहिले, मग ती थांबली. तिला तेवढं एक नाव येत होतं. तिने ते पुन्हा म्हटलं, बद्रीनाथ, आणि पुन्हा. मग स्वयंपाक राहिला म्हणून उठून गेली.

त्याला सगळं कळलं असं नाही. पण चूक आपली आहे, एवढं लख्ख कळलं. ती बिचारी सुईला ऐकू जात नव्हती तेव्हा सुखाने आपल्या घरात होती. त्याने हेडफोन डोक्यावर चढवला, भार तळाला नेला.

"आहेस का?" तो कुजबुजला.

"हाये की. तुमी कुठं गेल्ता?" तिचा आवाज बसला होता. "लई वेळ झाला हो. इथं कोणी बोलत न्हाई."

एवढ्यात लाईट गेली.

पंखा थांबला. तबकडी मंदावली आणि तिच्याबरोबर पुष्पाबाईचा आवाज जाड होत, लांबत खाली जायला लागला. बद्रीनाथने घाईने तबकडीच्या कडेवर बोट टेकलं आणि फिरवायला सुरुवात केली. प्रीअँप बॅटरीवर होता. बोट बरोबर चाललं की तिचा आवाज बरोबर, बोट अडखळलं की ती बुडाली.  लाल दिवा कालपेक्षा मंद दिसत होता.

"थांबू नका," ती म्हणाली.

"न्हाई थांबत."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला. पावलं दाराशी आली. त्याने मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात फक्त साडीचे काठ दिसले, तिचेच, हिरवे, आणि जोडवी घातलेली पावलं.

"बद्रीनाथ, जेवायला चला. गार होऊन राह्यलं."

हेडफोनमध्ये पुष्पाबाई रडायला लागली. "अहो, कोण बोलतंय? कोण नाव घेऊन राह्यलं तुमचं?"

त्याला तिला हाक मारायची होती, आणि त्याच्याकडे हाक नव्हती. अगं म्हटलं तर दारातलीही ओ देणार होती. नाव घ्यायला हवं होतं. मांडवात खोकल्यावर निभावलं होतं ते आज घ्यायचं होतं. पावलं त्याच्या खुर्चीमागे येऊन थांबली. तो सुईवर वाकला, ओठ जवळजवळ तबकडीला लागले, आणि सुचेल तसं जुळवत म्हणाला,

"मोळीवर मोळी, गाडी भरली सारी, पुष्पाचं नाव घेतो, चल आता घरी."

आणि त्याला आपलाच आवाज हेडफोनमध्ये ऐकू आला. स्वच्छ, जवळून, ओठ मिटल्याच्या आवाजासकट. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की इतक्या दिवसांत त्याने सगळं घर तपासलं, गिरिजाबाई तपासल्या, पण आपण सुईत येतो की नाही हे एकदाही पाहिलं नव्हतं. मघाशी तिच्याशी बोलला तेव्हाही आपला आवाज हेडफोनमध्ये नव्हता, हे त्याला आता कळलं.

बोटाखाली तबकडी लागेना. त्याने हात पुढे केला. टेबलही लागलं नाही.

६

लाईट आली असावी. वर कुठेतरी पंख्याची टकटक सुरू झाली आणि अंधार गरगर फिरायला लागला. हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज त्याला फार मोठा ऐकू आला, डोक्यावर पत्रा पडल्यासारखा. मग खुर्ची सरकली.

फोन वाजला.

"बद्रीनाथ, फोन. तृप्तीचा आहे."

"आलो, पुष्पा," त्याचाच आवाज म्हणाला, निवांत, पोट भरल्यासारखा.

मग पलीकडून तृप्तीचं हसणं आलं. दोघंही आता नावाने हाक मारता की, ती म्हणत होती, आणि तिला ते आवडलं होतं. बद्रीनाथने घसा फोडून तिला हाक मारली. ती बोलतच राहिली, राखी पौर्णिमेला येते म्हणाली, आणि खुर्चीवरचा माणूस ये म्हणाला.

बांगड्या वाजल्या. अंधारात चाचपत एक हात आला आणि त्याच्या हातात बसला. गार होता, पण तिचाच होता. सुई त्यांच्याभोवती घासत, खाच-खाच आत सरकत होती.

"अहो," पुष्पाबाई म्हणाली, "किती उरली असंल ही रेकॉर्ड?"